बोलायचं कुठवर? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस ठाण्यातून फोन आला की माणूस आधी पोस्ट काढून टाकतो आणि मग वकील शोधतो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आणि बेलापूरला वकिली करताना हे मी कितीदा पाहिलंय, त्याची मोजदाद नाही. बहुतेक वेळा त्या पोस्टमध्ये गुन्हा नसतोच. उलट ज्यांच्या हातून खरोखर गुन्हा घडलेला असतो ते 'हे माझं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे' असं ठणकावत येतात. घाबरलेल्यांनाही कायदा माहीत नसतो आणि ठणकावणाऱ्यांनाही. दोघांनी मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

राज्यघटनेनं आपल्याला नेमका कोणता हक्क दिलाय?

कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषणाचा आणि अभिव्यक्तीचा हक्क देतं. त्यात बोलणं, लिहिणं, छापणं, चित्र काढणं, घोषणा देणं आणि काळी फीत लावणं हे सगळं येतं. गप्प राहणंही येतं. केरळमधल्या तीन शाळकरी मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहून मान दिला, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते गायलं नाही. शाळेनं त्यांना काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं.

वर्तमानपत्रांचं स्वातंत्र्य घटनेत वेगळं लिहिलेलं नाही, ते याच कलमातून येतं. त्यातला एक महत्त्वाचा निकाल आपल्या मराठी वर्तमानपत्रानं मिळवलाय. किती पानांसाठी किती किंमत घ्यायची हे सरकार ठरवू पाहत होतं, तेव्हा पुण्याचा 'सकाळ' कोर्टात गेला. १९६२ मध्ये न्यायालयानं तो कायदा रद्द केला. पानं कमी करायला लावणं म्हणजे वाचकापर्यंत पोहोचणारं बोलणं कमी करणं, हा त्यामागचा विचार आजही उपयोगी पडतो.

आणि मर्यादा कोणत्या?

कलम १९(२) मध्ये आठ कारणं आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथेच संपते. सरकारला नववं कारण स्वतःच्या मनानं जोडता येत नाही, आणि या आठांपैकी एखादं असलं तरी बंधन 'वाजवी' असावं लागतं.

सुरुवातीला यादी याहून लहान होती. १९५० मध्ये मद्रास सरकारनं 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकावर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती उडवली. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणं आली. 'वाजवी' हा शब्दही त्याच दुरुस्तीनं आला. आज आपल्याला वाचवतो तो बहुतेक वेळा हाच शब्द. सार्वभौमत्व आणि एकात्मता १९६३ मध्ये जोडली गेली.

यादी पुन्हा वाचून पाहा. 'कुणाला वाईट वाटणं' त्यात नाही.

मग 'भावना दुखावल्या' म्हणून गुन्हे कसे नोंदले जातात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २९९ खाली, म्हणजे जुन्या २९५-अ खाली, एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान करून धार्मिक भावना भडकवणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण कलमात दोन शब्द आहेत आणि तक्रार करणारे नेमके तेच वाचत नाहीत: हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं. दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. अजाणता, निष्काळजीपणे किंवा चिकित्सेच्या ओघात झालेला अपमान या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्येच सांगितलंय.

दुसरं कलम १९६, जुनं १५३-अ: धर्म, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून गटागटांत वैर वाढवणं. इथे दोन गट लागतात. एका पक्षावर, एका नेत्यावर किंवा सरकारच्या निर्णयावर तुम्ही कितीही कडक लिहिलंत तरी त्यातून दोन समाजांत वैर पसरवल्याचं दाखवता आलं नाही, तर हे कलम लागत नाही.

कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकांनी ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं होतं. त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला आणि उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र तो रद्द केला. कलम ३७० बाबतच्या निर्णयावर टीका करायचा नागरिकाला हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर मनाच्या सुज्ञ माणसाच्या मापानं. जो कशालाही बिचकतो, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो, त्याचं माप लावायचं नाही. माझ्या टेबलावर हा निकाल कायम असतो.

पोस्ट 'लाईक' केली म्हणून अटक होऊ शकते?

झालेली आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, तेव्हा पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीनं तो लाईक केला. दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. पहिलीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. नंतर गुन्हा मागे घेतला गेला आणि ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबन झालं.

त्या अटकेवरून श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ मुळासकट रद्द झालं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' असं काहीही पाठवणं त्या कलमानं गुन्हा ठरवलं होतं. न्यायालयानं तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. कायदा मध्ये पडतो तो तिसऱ्या पायरीवर. रद्द झालेलं कलम नंतरही कित्येक वर्षं गुन्ह्यांत लावलं जात होतं. म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. तुमच्या कागदांत ६६-अ दिसलं तर वकिलाला आधी तेच दाखवा.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी सेक्रेटरींना 'चोर' म्हटलं. आता त्यांनी नोटीस पाठवलीय.

घोडबंदर रोड असो की खारघर, हा प्रश्न सगळीकडचा. आठ कारणांतली अब्रूनुकसानी सामान्य माणसाच्या वाट्याला येते ती बहुधा इथेच.

अब्रूनुकसानीचे दोन रस्ते आहेत. दिवाणी दाव्यात भरपाई मागता येते, तो साधारण एका वर्षाच्या आत लावावा लागतो. फौजदारी रस्ता न्याय संहितेच्या कलम ३५६ चा. साधी कैद दोन वर्षांपर्यंत, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत, ज्याची अब्रू गेली त्यानं स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची असते. 'उद्या पोलीस घेऊन येतो' ही धमकी या एका कलमापुरती पोकळ आहे. फौजदारी अब्रूनुकसानी रद्द करावी अशी मागणी झाली होती, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम कायम ठेवलं. मला तो निकाल पटलेला नाही. पैशानं भरून निघणाऱ्या भांडणासाठी तुरुंग कशाला, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पण आजचा कायदा तोच आहे आणि त्यानुसारच सल्ला द्यावा लागतो.

बचाव काय? दिवाणी दाव्यात 'मी बोललो ते खरं आहे' हे सिद्ध झालं की विषय संपतो. फौजदारीत नुसतं खरं पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. कलमाला दहा अपवाद आहेत. सोसायटीच्या भांडणात सगळ्यात कामाचा आठवा: ज्याला त्या माणसावर कायदेशीर अधिकार आहे, त्याच्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार. म्हणजे तोच मजकूर तुम्ही सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी दिलात तर तुम्ही अपवादात बसता, आणि दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलात तर बसालच असं नाही.

शब्दांचाही फरक पडतो. 'लिफ्टच्या दुरुस्तीचे एक लाख ऐंशी हजार दाखवलेत, पावती दिसत नाही, ती सभेत ठेवा' हा सभासदाचा हक्क आहे. 'सेक्रेटरी चोर आहे' हा आरोप आहे, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. वाशीतले एक आजोबा माझ्याकडे आले होते. त्यांच्याकडे पावत्या होत्या, बँकेचे उतारे होते, त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण रागाच्या भरात त्यांनी समोरच्याच्या बायकोबद्दलही एक वाक्य लिहिलं. पुढची दोन वर्षं त्या एका वाक्यावर गेली आणि हिशेबाचा प्रश्न मागे पडला तो पडलाच.

बिल्डर, दवाखाना, क्लासेस यांच्याबद्दल इंटरनेटवर अभिप्राय लिहितानाही हेच. स्वतःचा अनुभव तारखेसकट लिहा, बिल जपून ठेवा आणि जे पाहिलं नाही ते लिहू नका.

मी ग्रुपचा ॲडमिन आहे. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल मला पकडतील?

नुसते ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. ॲडमिन माणसं आत घेतो, बाहेर काढतो, पण कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. तुम्ही आणि लिहिणारा मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी.

'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड' लिहिलं की जबाबदारी संपते ना?

नाही. पुढे पाठवणं हेसुद्धा प्रसिद्ध करणंच आहे. दंगलीच्या अफवा, मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ, कुणाच्या तरी मुलीचे फोटो ही तीन प्रकारची फॉरवर्ड्स मी घरच्यांनाही हात जोडून सांगते, की हातात आली तशीच मिटवा. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ते भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. बोलण्यावर मर्यादा का असाव्यात, असं कुणी विचारलं की मला राईनपाडा आठवतो.

पोलीस ठाण्यातून फोन आला, 'जरा येऊन जा.' काय करू?

आधी श्वास घ्या. पोस्ट लगेच काढू नका. तिचा, खालच्या प्रतिक्रियांचा आणि तारखेचा फोटो काढून ठेवा. मागचा-पुढचा संदर्भ तुमच्याच बाजूचा असतो आणि पोस्ट पुसली की तोही पुसला जातो. गुन्हा नोंदल्यानंतर काहीही काढायचं तर वकिलाला विचारूनच, नाहीतर पुरावा नष्ट केल्याचं बालंट येतं.

फोनवर बोलणारे कोण, कोणत्या ठाण्यातले, तक्रार अर्ज आहे की गुन्हा दाखल झालाय, हे नम्रपणे विचारा आणि लिहून घ्या. ठाणे आयुक्तालय कळवा-मुंब्र्यापासून भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरपर्यंत आहे. ऐरोली-दिघ्यापासून पनवेल-उरणपर्यंत नवी मुंबई आयुक्तालय. ऐरोलीची माणसं जिल्हा ठाणे म्हणून ठाण्याच्या आयुक्तालयात चकरा मारतात आणि दिवस वाया जातो.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली लेखी नोटीस द्यायची आणि तुम्ही हजर राहून सहकार्य करायचं, असा क्रम आहे. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. नोटीस मिळाली की टाळू मात्र नका. टाळणाऱ्याच्या बाबतीत अटकेला कारण मिळतं. नुसतं साक्षीदार म्हणून बोलावत असतील तर बाईला, साठ वर्षांवरच्या माणसाला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा अपंग व्यक्तीला ठाण्यात जावं लागत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो.

मार्च २०२५ चा एका कवितेबद्दलचा निकाल इथे फार उपयोगी आहे. गुजरातमध्ये एका खासदारानं समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेवरून गुन्हा नोंदला गेला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द करताना सांगितलं की, तीन ते सात वर्षं शिक्षेच्या बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली त्यासाठी चौदा दिवस मिळतात. शब्द वाचा, अर्थ समजून घ्या, मग ठरवा. तुमच्या वकिलानं ठाण्यात पहिला अर्ज द्यायचा तो या प्राथमिक चौकशीसाठीच.

ठाण्यात 'एक माफीनामा लिहून द्या, विषय संपवू' असं सुचवलं जातं. वकिलाला विचारल्याशिवाय लिहू नका. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही तर कधीच नाही. मोबाइल मागितला तर जप्तीचा पंचनामा मागा. अटक झालीच तर तिची कारणं लेखी मिळणं, घरच्यांना कळवणं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं हे तुमचे हक्क आहेत, कुणाची मेहेरबानी नाही.

एकाच पोस्टवरून पाच गावांत पाच गुन्हे नोंदले गेले तर? मे २०२२ मध्ये एका ज्येष्ठ नेत्याबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून एका मराठी अभिनेत्रीला ठाणे पोलिसांनी अटक केली, तेव्हा राज्यात जागोजागी तक्रारी झाल्या होत्या. ती महिन्याहून जास्त काळ ठाण्याच्या कारागृहात होती. ती पोस्ट मलाही आवडली नव्हती. पण न आवडलेल्या पोस्टसाठी महिनाभर तुरुंग हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. एका घटनेवर एकच गुन्हा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये घालून दिलंय. त्याच्या आधारे सगळे गुन्हे एका ठिकाणी आणता येतात.

सरकारवर टीका म्हणजे देशद्रोह का?

आधी शब्द नीट करू. जुन्या कलम १२४-अ चं नाव राजद्रोह होतं. देशद्रोह हा शब्द लोकांनी आणि वाहिन्यांनी रूढ केला. राज्य करणाऱ्यांविरुद्ध बोलणं आणि देशाविरुद्ध बोलणं यांत फरक आहे, आणि तो पुसला गेला तर सगळ्यात मोठा फायदा राज्य करणाऱ्यांचा होतो.

या कलमाचा इतिहास मराठी माणसाला शिकवायला नको. लोकमान्य टिळकांवर ते १८९७ मध्ये लागलं आणि १९०८ मध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी 'केसरी'तल्या अग्रलेखांसाठी सहा वर्षं मंडाले. मुंबई उच्च न्यायालयात ज्या दालनात तो खटला चालला, तिथे शिक्षेपूर्वी त्यांनी काढलेले उद्गार आज संगमरवरावर कोरलेले आहेत. ज्युनिअर असताना पहिल्यांदा ती पाटी वाचली, तेव्हा पुढच्या तारखेचं टिपण हातात तसंच राहिलं होतं.

स्वातंत्र्यानंतरही कलम राहिलं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला आवळलं: हिंसेची चिथावणी किंवा अव्यवस्था माजवण्याचा हेतू असेल तरच गुन्हा, नुसती टीका कितीही तिखट असली तरी नाही. ११ मे २०२२ ला न्यायालयानं कलमाचा वापरच थांबवला. न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे. फुटीरता, सशस्त्र बंड किंवा विध्वंसक कारवायांना चिथावणी देणं, देशाचं सार्वभौमत्व, ऐक्य आणि एकात्मता धोक्यात आणणं हा त्याखाली गुन्हा आहे, जन्मठेपेपर्यंतचा. 'विध्वंसक कारवाया' हा शब्द फार सैल आहे, आणि सैल शब्द कुणावर टाकायचा हे शेवटी पोलीस ठाण्यात ठरतं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला भारत-पाकिस्तान संघर्षावरची पोस्ट पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. तिनं पोस्ट काढून माफीही मागितली होती. कॉलेजनं तिला काढून टाकलं. उच्च न्यायालयानं सरकारला खडे बोल सुनावत तिला सोडायला लावलं आणि परीक्षेला बसू दिलं.

जातीवरून बोललं तर?

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमानित करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. 'थट्टेत म्हटलं', 'आमच्यात असंच बोलतात' हे मी बचाव म्हणून ऐकत आले आहे, आणि अशा अशिलांना मी पहिल्या भेटीतच सांगते की यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा मी मांडणार नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या बोलू दिलं नाही, त्याला शब्दानं पुन्हा गप्प करणं हे त्या स्वातंत्र्याच्या बरोबर उलट आहे.

मराठीचा आग्रह धरणं गुन्हा आहे का?

अजिबात नाही. दुकानदाराला, बँकेला, सोसायटीला 'मराठीत बोला, मराठीत लिहा' म्हणणं, त्यासाठी पत्रकं वाटणं, निदर्शनं करणं हे पूर्णपणे संरक्षित आहे. राज्यकारभाराची भाषा मराठी आहे ती १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं. दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. पण कानाखाली मारणं ही अभिव्यक्ती नाही, मारहाण आहे. समोरच्याला कान धरून माफी मागायला लावून त्याचा व्हिडिओ फिरवणं हेही नाही. मी हे मराठीवरच्या प्रेमानंच सांगते. अशा प्रत्येक व्हिडिओनंतर पाट्यांचा खरा प्रश्न मागे पडतो आणि कोर्टात तारखा भरत राहतात ती आपलीच पोरं.

मोर्चा काढायचाय. परवानगी लागते?

शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क कलम १९(१)(ब) देतं, पण रस्ता कुठला आणि वेळ कुठली यावर पोलीस वाजवी अटी घालू शकतात. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश पुन्हा पुन्हा निघत असतात आणि पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला त्यात बंदी असते. एक आदेश पंधरा दिवसांपर्यंत चालतो, पुढे राज्य सरकारची मंजुरी लागते. आदेश म्हणजे संपूर्ण बंदी नसते, परवानगीनं मोर्चा निघतोच. स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाकारलं तर कारण लेखी मागा. तोंडी 'नाही'ला काही किंमत नाही.

२४ जून २०२१ ला नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून आगरी-कोळी भूमिपुत्रांनी बेलापूरला सिडको भवनाला घेराव घातला. करोनाचे निर्बंध होते, तरी हजारो माणसं शिस्तीत बसली. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्यांनी जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गमावली होती. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या आंदोलनातून मिळाली, हे नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

लाउडस्पीकर लावणं हाही माझा हक्कच ना?

बोलणं हक्क आहे, दुसऱ्याला ऐकायला भाग पाडणं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच हे सांगितलं. रात्री दहा ते सकाळी सहा बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं या नियमांच्या अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले आहेत. धर्म कोणताही असो, आवाजाचा नियम एकच.

आमच्या नाटकाला आधी मंजुरी का घ्यावी लागते?

महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते म्हणून. पुस्तकाला, भाषणाला अशी पूर्वपरवानगी लागत नाही. मग गडकरी रंगायतनच्या किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या रंगमंचावर बोललेलं वाक्यच काय ते धोकादायक, हे मला कधीच उमगलं नाही. मंडळानं अडवलं तर कोर्टाचा रस्ता मोकळा आहे. 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग उच्च न्यायालयात लढले आणि जिंकले.

न्यायालयाच्या निकालावर टीका केली तर अवमान होतो?

निकालावर प्रामाणिक टीका करता येते, कायद्यातच तसं लिहिलंय. अब्रूनुकसानीच्या निकालाबद्दल वर मी तेच केलं. न्यायाधीशानं पैसे घेतले असा पुराव्याशिवाय आरोप करणं वेगळं. शिक्षा सहा महिने, दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

कंपनीनं फेसबुक पोस्टवरून कामावरून काढलं. कलम १९ लावता येईल?

अवघड आहे. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध असतात. २०२३ मध्ये घटनापीठानं ते खासगी व्यक्तींविरुद्धही लागू होऊ शकतात असं म्हटलं, पण नोकरीच्या वादात खरी लढाई कामगार कायद्यांवर आणि नेमणूकपत्रातल्या अटींवर होते. सरकारी नोकरांना तर १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, त्यात सरकारी धोरणावर जाहीर टीकेला मनाई आहे.

पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रण केलं तर गुन्हा होतो?

सरकारी गुपितांच्या, म्हणजे शासकीय गोपनीयता कायद्याखाली तरी नाही. नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं त्या कायद्यातल्या 'निषिद्ध ठिकाणां'त येत नाही. तरी अधिकाऱ्याच्या तोंडासमोर फोन धरून वाद वाढवू नका, शांतपणे टेबलावर ठेवा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे. बाई, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती किंवा कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. अर्जासोबत आधार कार्ड, नोटिशीची प्रत आणि वर सांगितलेले पोस्टचे फोटो घेऊन जा, तारखेसकट.